आधीच्या फोटोतला माणूस

फ्रेमवाल्याला स्वतःचं पोट पहिल्यांदा नीट दिसलं ते शेजारच्या चावीवाल्याच्या फोनमध्ये. आरशासमोर माणूस श्वास आत ओढून उभा राहतो आणि बरं चाललंय असं समजून शर्ट घालतो. हा फोटो बेसावध क्षणी काढलेला होता. त्यात श्वासाची काही मदत झालेली नव्हती.

"हे पोट ओळखीचं वाटतंय," चावीवाला म्हणाला. हरवलेल्या कुलपाची चौकशी करावी इतक्या गांभीर्याने म्हणाला.

ती एक जाहिरात होती. घरबसल्या शरीर कमावण्याच्या व्हिडिओंची मालिका. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. 'नंतर'मध्ये फ्रेमवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ तेल लावून उभा होता. दंड असे, की हात अंगाला टेकत नव्हते. घरात याला अजूनही बाळ म्हणत. 'आधी'मध्ये पोहण्याच्या तलावाच्या काठावर एक गृहस्थ उभे होते. खांद्यावर टॉवेल, उजव्या कुशीत अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण, काचा वाहून वाहून खाली उतरलेला डावा खांदा, आणि या सगळ्याच्या पुढे, यजमानासारखं, पोट. डोळ्यांवर तेवढी काळी पट्टी मारलेली होती. खाली लिहिलं होतं, 'हा मीच होतो.'

"तुझा मेहुणा लहानपणी असा होता होय?" चावीवाल्याने विचारलं.

"तो लहानपणी सुतळीसारखा होता."

"मग हा कोण?"

फ्रेमवाल्याने फडकं उचललं. तो काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

तो फोटो बायकोनेच काढला होता, गेल्या उन्हाळ्यात सगळे तलावावर गेले होते तेव्हा, आणि कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून बाळने तो उचलला होता.

फ्रेमवाल्याची सारी हयात दुसऱ्यांना भिंतीवर टांगण्यात गेली होती. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या पदव्या, दुसऱ्यांचे निवर्तलेले वडील. मामाकडून गाळा त्याच्याकडे आला तेव्हापासून त्याने एक गोष्ट पाळली होती. कोपरा जुळलाच पाहिजे. चार पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापायच्या आणि सांध्यात नख जाता कामा नये. एकदा एका गिऱ्हाइकाने कोपरा वाकडा आहे असं म्हटलं होतं. तो वाकडा नव्हता. ते गिऱ्हाईक पुढे कितीतरी वर्षं येत राहिलं, त्याचं काम चोख होत राहिलं, पण फ्रेमवाल्याने त्याला पुन्हा कधी "या" म्हटलं नाही. त्याचा राग भडकणारा नव्हता, मुरणारा होता.

त्याने बाळला फोन लावला.

"भाऊजी, डोळे झाकलेत ना," बाळ म्हणाला. "कोण ओळखणार?"

"सगळे ओळखतायत."

"म्हणजे नुसत्या पोटावरून? मग तुम्ही प्रसिद्धच आहात की. मला हेवा वाटतो."

"तो फोटो काढ."

"आता कसा काढणार? जाहिरात सगळीकडे गेलीय. त्यापेक्षा तुम्हीच मालिका घ्या ना. घरच्यांच्या दरात देतो."

घरच्यांच्या दरात. फुकट नव्हे. फ्रेमवाल्याने फोन खाली ठेवला तेव्हा त्याच्या मनात जे काही होतं त्याला सूड म्हणावं की नाही, याबद्दल तो स्वतःशीही सभ्यपणे वागला. पण दुसरा शब्द सापडला नाही.

त्या आठवड्यात त्याला नवं नाव पडलं. शाळेतून परतणारी मुलं दुकानावरून जाताना "आधीकाका" म्हणू लागली. सासूबाई घरी आल्या, त्यांनी फोन लांब धरून जाहिरात पाहिली आणि म्हणाल्या, "फोटो मात्र छान आलाय हो तुमचा." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

एका वकिलाची पदवी फ्रेमला आली होती, तेव्हा त्याने आडून विचारून पाहिलं. वकील म्हणाला, दावा लावता येईल, पण फोटोतलं पोट आपलंच आहे हे अर्जदाराला सिद्ध करावं लागेल. कसं, ते त्याने सांगितलं नाही. फ्रेमवाल्याने न्यायाधीशांसमोर शर्टाची बटणं सोडणारा अर्जदार डोळ्यांसमोर आणला आणि विषय बदलला. ती काळी पट्टी किती हुशारीने मारलेली आहे हे त्याला तेव्हा कळलं. ओरडायचं तर आधी पोटावर हक्क सांगावा लागत होता.

मग एके दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने ती जाहिरात पुन्हा वाचली आणि शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत गेला. तिथे हमी दिलेली होती. सगळे भाग नेमाने करूनही ज्याच्यात फरक पडणार नाही, त्याला पैसे परत, आणि बाळ स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन त्याची जाहीर माफी मागेल.

फ्रेमवाल्याने ते वाक्य तीनदा वाचलं. पैशांशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला 'जाहीर माफी' हे दोन शब्द दिसत होते. उभी चौकट, जाड काच, मध्ये हात जोडलेला बाळ.

"विकत घेणार?" बायकोने ताट वाढता वाढता विचारलं. "बाळचे व्हिडिओ? तुम्ही?"

"विचार करतोय."

"त्याच्याशी भांडायचं तर भांडा. व्यायाम करायचा तर व्यायाम करा. दोन्ही एकदम कशाला?"

"मी व्यायाम करणार आहे तो काही फरक पडू नये म्हणून."

बायकोने चमचा थांबवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही वाक्यं पुन्हा विचारायची नसतात, एवढं तिला कळत होतं. ती माहेरची बाजूही घेत नव्हती आणि सासरचीही. ती बटाटे वाढत होती.

चावीवाल्याला मात्र बेत पटला नाही. "शत्रूच्या दुकानात जाऊन माल घ्यायचा, हा कसला सूड?"

"माल खोटा आहे हे दाखवायला विकत घ्यावाच लागतो."

"आणि खरा निघाला तर?"

"ज्याची जाहिरातच खोटी, त्याचा माल खरा कसा निघेल?"

हा तर्क निर्दोष होता. चावीवाल्यालाही त्यात फट सापडली नाही, आणि फटी शोधणं हाच त्याचा धंदा होता. तरी फ्रेमवाला आणखी काही दिवस घुटमळला. आपले पैसे बाळच्या खिशात जाणार हे त्याला गिळवत नव्हतं. शेवटी मुलांची एक टोळी दुकानासमोर पोटं पुढे काढून, खांद्यांवर दप्तराचे पट्टे टॉवेलसारखे टाकून उभी राहिली. त्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं, फोन उचलला आणि मालिका घेऊन टाकली. घरच्यांच्या दरात घेतली नाही. पूर्ण दराने घेतली. उपकाराचा ओरखडा त्याला पुराव्यावर नको होता.

बेतातली चूक ही, की तो फ्रेमवाला होता.

दुसरा कोणी असता तर त्याने हात हलवल्यासारखं केलं असतं आणि गुडघे अर्धेच वाकवले असते. याला ते जमेना. बाळने पडद्यावर कोपर कमरेला चिकटवायला सांगितलं की याचं कोपर चिकटे. पाठ सरळ म्हटलं की हा भिंतीला फूटपट्टी लावून बघे. अर्धवट करणं त्याच्या हाताला येतच नव्हतं. शिवाय हमीत 'नेमाने' असं लिहिलं होतं, आणि उद्या बाळने बोट ठेवायला जागा उरायला नको होती. मागच्या खोलीत, मोडक्या चौकटी आणि काचांच्या पेट्यांच्या मधोमध, तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आपल्या शत्रूचं अक्षर न् अक्षर पाळू लागला.

आणि राग तर होताच. दुसऱ्या भागात बाळ स्टुलावर बसून आपली कहाणी सांगत होता. "मी जाड होतो तेव्हा," तो म्हणाला, "एका लग्नात बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि उठताच येईना. खुर्चीला धरून उठलो. लोकांना वाटलं, मी खाली पडलेलं काही शोधतोय. मीही शोधल्यासारखं केलं."

फ्रेमवाला वजनं हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती नाडी त्याची होती. ते लग्नही. ही गोष्ट त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, मेहुणा म्हणून, गच्चीवर शेजारी शेजारी बसून. आता तिच्यामागे हळू संगीत होतं.

त्या दिवशी त्याने बाळने सांगितल्यापेक्षा एक फेरी जास्त केली.

परिणाम व्हायचा तोच झाला. आधी पॅंट सैल झाली. मग पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, ते चावीवाल्याने पाडून दिलं. मोठी काच उचलताना धाप लागेना. डावा खांदा उजव्याच्या बरोबरीला आला.

"तुझा पुरावा झिजत चाललाय," चावीवाला म्हणाला.

"ते कपडे सैल आहेत."

"आणि मान? मानही सैल शिवलीस का?"

घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही चांगले दिसायला लागलात."

"हे कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला, आणि रागारागाने लोण्याचा जाड थर दिलेले दोन पाव खाल्ले. ते कुठे गेले ते कळलंही नाही. ज्या अंगाने आयुष्यभर त्याचं कधी ऐकलं नव्हतं, ते आता बाळचं ऐकत होतं. घरभेदी म्हणतात तो दुसरा कोणता असतो?

माफीची आशा संपली आणि त्याच सुमारास बाळ दुकानात आला. अंगात घट्ट बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे त्याला समोरचा माणूस नीट दिसला नसावा. किंवा भाऊजींकडे नीट बघायची त्याला सवयच नव्हती. फ्रेमवाल्याने अंगावर कामाचा ढगळ डगला चढवलेलाच होता.

"दुसरी मालिका येतेय, भाऊजी. सभागृहात कार्यक्रम आहे. 'आधी' आणि 'नंतर', माणसाएवढे, एकाच चौकटीत हवेत. आईच्या हस्ते पडदा काढायचा." मग मधाळ हसून, "घरच्यांच्या दरात करा."

"करतो," फ्रेमवाला म्हणाला.

इतकं मन लावून त्याने कुठलंच काम केलं नव्हतं. फोटोभोवती येणारा माउंटचा पुठ्ठा कापला, त्यात दोन खिडक्या पाडल्या. उजव्या खिडकीत बाळ बसवला. डावीत बाळने दिलेला फोटो बसवला नाही. बायकोच्या फोनमधला मूळ फोटो त्याने तेवढाच मोठा छापून आणला होता, पट्टीशिवायचा. उन्हाने किलकिले झालेले ते डोळे, ते ओशाळं हसू. तो फोटो काचेखाली सरकवताना त्याचा हात थोडा थांबला. या सुडाची किंमत त्याला ठाऊक होती. भरल्या सभागृहात, माणसाएवढ्या आकारात, पोट माझं आहे हे त्याला एकदाचं कबूल करावं लागणार होतं. मग त्याने मागून खिळे ठोकले. कोपऱ्यांत नख जात नव्हतं.

कार्यक्रमाला गर्दी झाली. चौकट टांगायला म्हणून तो मंचाच्या कडेलाच होता. आज डगला नव्हता, बायकोने काढून ठेवलेला नवा, अंगाबरोबरचा शर्ट होता. बाळने नाडीची गोष्ट सांगितली, लोक हळहळले. "हा मीच होतो," असं म्हणून त्याने हात केला, आणि सासूबाईंनी पडदा ओढला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "अगं बाई," त्या माइकसमोरच म्हणाल्या, "हे तर आमचे जावई."

बाळ वळला. त्याने चौकट पाहिली, मग भाऊजींकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हा चेहरा फ्रेमवाल्याने मागच्या खोलीत, प्रत्येक फेरीला, डोळ्यांसमोर धरला होता. तो अगदी तसाच निघाला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, ते बघा ना, ते तिथेच उभे आहेत." लोकांनी फोटोतल्या माणसाकडे पाहिलं, मग मंचाच्या कडेच्या माणसाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या आणि थांबेचनात.

बाळ मूर्ख नव्हता. तीन ढांगांत तो आला आणि त्याने भाऊजींच्या खांद्यावर हात टाकला. "मी नेहमी म्हणतो, हा मीच होतो," तो सभागृहाला म्हणाला, आणि ते खरंही वाटत होतं. "कारण भाऊजी आणि मी वेगळे नाहीच. माझे पहिले विद्यार्थी."

"शर्ट काढा," मागून कोणी ओरडलं.

"काढू नका," बायको दुसऱ्या रांगेतून हलकेच म्हणाली.

त्याने काढला नाही. पण फोटो निघालेच.

नव्या जाहिरातीत 'आधी' फ्रेमवाला आहे आणि 'नंतर'ही फ्रेमवालाच. पट्टी नाही. मालिका धडाधड खपते आहे. शाळेची मुलं आता "नंतरकाका" म्हणतात आणि आदराने वाट सोडतात. सासूबाईंनी फोटोची एक प्रत भिंतीवर लावायला मागितली. माफी कोणी मागितली नाही. बाळने चौकटीचे पैसे मात्र पूर्ण दराने दिले.

"झालं ना मनासारखं?" चावीवाल्याने विचारलं.

फ्रेमवाला काच पुसत होता. "अजून नाही," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि त्याने लोण्याचं भांडं जवळ ओढलं. घाई नव्हती. कोपरा जुळवावा तसा तो प्रत्येक घास जुळवून खात होता. सकाळी मागच्या खोलीचं दार त्याने उघडलं नव्हतं. उद्याही उघडणार नव्हता. बाळचं सगळं दुकान आता या एका अंगावर उभं होतं, आणि हे अंग कुणाच्या मालकीचं आहे याबद्दल आता शहरात कोणालाच शंका नव्हती.

"अजून बटाटे?" बायकोने विचारलं.

"दे. आणि ऐक, उन्हाळ्यात तलावावर जाऊ. सगळे. बाळलाही बोलाव."

"बरं."

"फोटो तूच काढ," तो म्हणाला. "ग्रुपवर टाकू नकोस. तो मी टाकीन, सगळीकडे."