सशांसाठी टाळ्या

सत्तरीतही मी किती बावळट होते, ते ऐका. करोनात मी मेलबर्नबाहेर लेकाकडे अडकले होते. कुंपणापलीकडे माझ्याच वयाची एकटी शेतकरीण राहायची, सगळ्यांना 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणणारी. तिच्या जुन्या, बारक्या रायफलीची काडतुसं दुकानात मिळत नसत. ती स्वतःच घडवायची. तिची मुलं म्हणत, शेत विक. ती उलट नवी झाडं लावायची आणि रोपं कुरतडणाऱ्या सशांवर, जीभ ओठांत धरून, नेम धरायची.

एका संध्याकाळी मला सशांचा पुळका आला. पुण्यात लोकांनी डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, मी इथे, तिने नेम धरताच, सशांसाठी वाजवल्या. ससे पळाले. सकाळी रोपांचे नुसते खुंट उरले होते.

मी सॉरी म्हणायला कुंपणाशी गेले. ती गुडघे टेकून पुन्हा रोपं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या नेम लागल्यावर वाजव, मेट."