आत्याच्या पाठीतल्या बुक्क्या

बाळाला घ्यायला मी दोन्ही हात पुढं केलते. पदर खोचलेला. हात साबणानं धुऊन आलते, बांगड्या कोपराकडं सारल्या होत्या, बाळाला टोचायला नकोत म्हणून. पाळण्याभोवती वीसेक बायका. माझ्या भावाच्या सासूबाईंनी बाळ उचललं, माझ्या हातांवरनं पलीकडं नेलं आणि माझ्या चुलत बहिणीच्या, सुरेखाच्या हातात दिलं.

"अक्का, तुम्ही बसा तिकडं खुर्चीवर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उगंच त्रास नको."

लई गोड आवाजात म्हणाल्या. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माझे हात तसेच पुढं राहिले. काय करायचं त्या हातांचं कळंना. शेवटी पाळण्याला बांधलेली फुलांची माळ नीट केली. नीटच होती ती.

बारसं माझ्या भाचीचं. संतोष माझा सख्खा धाकटा भाऊ, त्याची पहिली मुलगी. त्याला बहीण मी एकटीच. आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवती. बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि सांगितलं रे सांगितलं की भोवतीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. मान असतो तो. आत्यानं ओरडायचं, सगळ्यांनी हसायचं. आमच्या नेसरीत बुक्क्या खाल्लेली आत्या पुढं चार दिवस पाठ चोळत गल्लीभर सांगत फिरती, बघा कशी मारलीय मला.

सुरेखा वाकली. कानात नाव सांगितलं. धप, धप, धप. "मेले की गं बायांनो!" सुरेखा ओरडली आणि हसून हसून खाली बसली.

आणि मी जळले.

खोटं कशाला बोलू? मार खाणाऱ्या बाईचा मला हेवा वाटला. तिच्या पाठीचा हेवा वाटला. त्या बुक्क्या माझ्या होत्या. एकूण एक.

मला बायपोलर हाय. हे नाव डॉक्टरांनी दिलं. गावानं दिलेलं नाव येडी. दहा वर्षं झाली. गडहिंग्लजला कॉलेजला जात होते तेव्हा सुरू झालं. झोप लागंना आणि झोपेची गरजच वाटंना. एकदा भरल्या एसटीत उभी राहून मी गडहिंग्लजपासनं नेसरीपर्यंत भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काय बोलते मी! त्या टाळ्या कशाच्या होत्या ते नंतर कळलं. मग तीन महिने अंथरुणात. केस विंचरायला हात वर उचलंना. आईनं आधी देवऋषी केला, मग डॉक्टर.

आता चार वर्षं झाली, दवाखान्यात राहायची पाळी आली न्हाई. गोळ्या वेळेवर घेते. रक्त तपासून घेते. घरात मशीन टाकलीय, ब्लाऊज शिवते. गावातल्या बायका माझ्यापुढं पाठ करून उभ्या राहतात, मी टेप लावून माप घेते. दिवसाला पाच-सहा पाठी तरी मोजत असंन. माझ्या पाठीवर मात्र कुणी सहज हात टाकत न्हाई. टाकला तरी पोळल्यासारखा काढून घेतात.

संतोषचं लग्न जुळलं तेव्हा मुलीकडचे पावणं घर बघायला आले, त्या दिवशी मला मागच्या खोलीत बसवलं. अक्का परीक्षेला गेलीय म्हणून सांगितलं. मी दाराआड, आणि बाहेर माझ्या परीक्षेची चौकशी चाललेली. भावाचं जुळू दे म्हणलं. लग्नानंतर त्यांना कळायचं ते कळलंच. तेव्हापासनं भावाच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते, माझ्याशी फार गोड बोलतात. लहान पोराशी बोलल्यासारख्या.

मावशींचं घर शहरात, मंगळवार पेठेत. बारसं तिथंच होतं. तीन मजली. खाली कापडाचं मोठं दुकान. मावशींना बीपी हाय. जेवणाच्या ताटाशेजारी गोळ्यांची डबी ठेवून चारचौघांत गोळी घेतात. सुना विचारतात, "आई, पाणी देऊ?" त्यांच्या हातनं कुणी बाळ काढून घेत न्हाई. माझी डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात, वर रुमाल. हसू नका, पण मला मावशींच्या बीपीचा हेवा वाटतो. आजार असावा तर असा, मानाचा.

सगळ्यात अवघड काय ते सांगू? आनंद. दुःख झालं तर लोक समजून घेतात. मी जरा मोठ्यानं हसले की घरात सगळे एकमेकांकडं बघतात. त्यामुळं मी पण माझ्या हसण्याकडं संशयानं बघायला शिकले. भाची झाल्याचा फोन आला तेव्हा मला इतका आनंद झाला, इतका झाला, की मी घाबरले. डॉक्टर मॅडमना फोन लावला. म्हणलं, "मॅडम, मला लई आनंद झालाय. काय करू?"

त्या हसल्या. "भाची झाली म्हणून झालाय न्हवं? मग होऊ दे की. झोप मात्र वेळेवर घ्यायची."

होऊ दे म्हणाल्या. दहा वर्षांत मला असं कुणी म्हणलं नव्हतं. मी मशीनवर बसून बाळाला कुंची शिवली, झबली शिवली, आणि शिवताना रडले. वेळेवर झोपले पण.

तर बारशाचं सांगत होते.

बुक्क्या खाऊन सुरेखा पाठ चोळत उठली आणि म्हणाली, "आत्या व्हायला ताकद लागती बाई!"

मी खुर्चीवरनं म्हणलं, "मग ऊठ की. माझी जागा हाय ती."

ओरडले न्हाई. साधं म्हणलं. पण सुरेखाचं तोंड उतरलं. मावशी माझ्याकडं वळल्या. आवाज तसाच गोड.

"अक्का, सकाळची गोळी घेतलीय न्हवं?"

वीस बायका माझ्याकडं बघायला लागल्या. एक कुणीतरी दुसरीच्या कानाशी लागली. मला वाटलं, अंगावरची साडी कुणीतरी फेडली. गोळी घेतली होती मी. सकाळी, नाष्टा करून. तरी मान खाली गेली माझी, चोरी सापडल्यासारखी.

संतोष बाहेर पुरुषांत बसला होता. त्याला कुणीतरी बोलावून आणलं. तो माझ्याजवळ आला, पण माझ्याकडं बघंना.

"अक्का, चल, वर जाऊन पड जरा."

आणि मी गेले. हे सांगायची मला आजही लाज वाटती. गुमान उठून जिना चढले.

वरच्या खोलीत त्यानं दार लावलं आणि शर्टाच्या खिशातनं पट्टी काढली. झोपेची गोळी. कधी दोन-तीन रात्री झोपच लागली न्हाई तर घ्यायला डॉक्टरांनी दिलेली. नेसरीत आईच्या कपाटात असती ती.

"ही तुझ्याकडं कशी?"

"आईनं सकाळीच दिली," तो म्हणाला. "लागली तर असावी म्हणून."

मी त्या पट्टीकडं बघत बसले. म्हणजे ठरलं होतं. बाळ माझ्या हातात द्यायचं न्हाई हे ठरलं होतं. मी चिडणार हे ठरलं होतं. मग मला वर आणून झोपवायचं, हे सुद्धा घरनं निघायच्या आधी ठरलं होतं. मी एसटीत मांडीवर कुंचीची पिशवी घेऊन बसले होते तेव्हा माझी आई शेजारी बसली होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

"घे अक्का. शांत वाटंल. तुझा आजार वर आलाय, तुला कळंना झालंय."

मी खरंच विचार केला. आजार आलाय का? मॅडमनी शिकवलंय तसं एकेक तपासलं. झोप? रात्री सात तास झाली होती. बोलणं भराभर? न्हाई. डोक्यात गर्दी? न्हाई. एकच गोष्ट होती डोक्यात. हाताला कापरं होतं, ते गोळ्यांचं, रोजचंच. आजार येतो तेव्हा त्याला कारण लागत न्हाई. चांगल्या चाललेल्या दिवसात येऊन बसतो. आज कारण होतं. खाली पाळण्यात होतं.

"संतोष," मी म्हणलं, "हा आजार न्हाई. मला हेवा वाटतोय. राग आलाय. सुरेखावर जळतेय मी. ह्याला गोळी न्हाई."

"हळू बोल. पावणं ऐकतील."

"ऐकू देत की! तुझ्या सासूबाईंच्या हातनं कुणी बाळ काढून घेतलं असतं तर त्या चिडल्या नसत्या? त्यांना तू काय दिलं असतंस, झोपेची गोळी?"

पट्टी त्याच्या हातातच. तेवढ्यात मला हसू आलं. बरं वाटून हसू आलं. माझ्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ कळत होतं, आणि ते माझं होतं, आजाराचं नव्हतं. कितीतरी वर्षांनी अशी खात्री वाटली. संतोष मात्र माझं हसू बघून दोन पावलं मागं सरला.

मी खाली गेले.

घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली होती. बायका द्रोण घेऊन बसलेल्या. मला बघून मावशी उठल्या, पण पाळण्यापाशी मी आधी पोचले. दोन्ही हात मागं बांधून घेतले. हिनं बाळ ओढून घेतलं असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तिचं नाव तिला सांगितलं. ईश्वरी. आणि म्हणलं, "मी तुझी आत्या."

मग तशीच वाकून उभी राहिले, बायकांकडं पाठ करून.

"मारा की," मी म्हणलं.

कुणी उठलं न्हाई.

"आत्या हाय मी. मारा की पाठीत!"

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, मला वाटलं उठली कुणीतरी. उठली नव्हती, द्रोण खाली ठेवत होती. भावजय प्राजक्ता माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती आपल्या आईकडं बघून बसून राहिली. आणि माझी आई, भिंतीला टेकून, पाळण्यापासनं चार हातांवर. तिचा हात मांडीवरनं उठला न्हाई.

कंबर दुखायला लागली तेव्हा मी सरळ झाले. "बरं," म्हणलं. चप्पल घातली आणि चालत स्टँडला आले. गडहिंग्लजची गाडी मिळाली, खिडकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी संतोषचा फोन. "मावशींची माफी माग. तोवर इकडं येऊ नकोस."

माफी मागणार न्हाई. गोळ्या घेणार, रक्त तपासणार, झोप सांभाळणार, कारण मला जगायचंय. ह्यांच्या बैठकीत मी गप्प बसावं म्हणून एक गोळी घेणार न्हाई. आईच्या कपाटातली औषधं मी माझ्या कपाटात आणलीत आणि किल्ली माझ्याकडं हाय. आई दोन दिवस बोलली न्हाई. न्हाई तर न्हाई.

पोरगी मोठी होईल. तुझी आत्या येडी, हे कुणीतरी तिला सांगणारच. त्यांच्या आधी मी सांगणार. आत्याला आजार हाय, आत्या औषध घेती. आत्याला राग येतो, आनंद होतो, आत्या जळती पण. आणि जळती तेव्हा कशासाठी जळती, ते पण सांगणार, नावं घेऊन.

बारशाला आता चार महिने झाले. पुढच्या महिन्यात तिचं उष्टावण हाय, त्याच घरात. मला बोलावणं न्हाई. मी जाणार हाय.