पिवळी सोंगटी

देवळाली कॅम्पच्या बाजारामागे झुंबरचं सुतारकामाचं दुकान आहे. जुन्या घाटाचे चौरंग, पाट, सारीपाटाच्या सोंगट्या तो अशा हुबेहूब घडवायचा की जुनं कुठलं नि नवं कुठलं, कुणाला सांगता येत नसे. याचा त्याला फार अभिमान होता.

मखमलाबादला फुलांची शेती करणाऱ्या मालनबाई त्याच्याकडे सारीपाट घेऊन आल्या. नजर अधू झालेली.

"चार-पाच सोंगट्या हरवल्यात. तेवढ्या करून दे. नातवंडांना खेळ शिकवायचाय."

झुंबरने नव्या सोंगट्या कातल्या. त्यांच्याशेजारी जुन्या मळकट दिसायला लागल्या. मग कुणाला न विचारता त्याने त्याही लेथवर चढवल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि सगळ्यांना ताज्या लाखेचा रंग दिला.

मालनबाई न्यायला आल्या, तेव्हा एकेक पिवळी सोंगटी अंगठ्याने चाचपत राहिल्या.

"काय शोधताय, मावशी?"

"एकीवर दातांच्या खुणा हायेत. माझी चंद्रा चावत बसायची. दोन वर्षांची होऊन गेली रे पोर. तिचा फोटोसुद्धा नाय."

झुंबरची नजर लेथकडे गेली.

"हीच ती," बाईंच्या हातातल्या सोंगटीकडे बघत तो बोलून गेला. "लाखेखाली खुणा बुजल्यात जरा."

बाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली.

त्यानंतर झुंबरचं कामात लक्ष लागेना. शेवटी त्याने बायकोला, छायाला, सगळं सांगितलं.

"घासल्या त्या घासल्या," छाया म्हणाली, "पण खोटं कशाला बोललात?"

तो मखमलाबादला गेला. मालनबाई ओट्यावर झेंडू निवडत होत्या.

"मावशी, ती कुठली ते मलाच माहीत नाही. मी सगळ्याच घासून टाकल्या. तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंचे हात थांबले.

"रोज हिच्यावर हात ठेवून झोपत होते मी," एवढंच म्हणाल्या.

झुंबरला मान वर करवेना. बाईंनी गाठ सोडली, आत जाऊन पटाची पिशवी आणली आणि ती सोंगटी बाकीच्या पिवळ्यांत मिसळून टाकली.

"यातली कुठली तरी तिची असंल. पोरांना सांगते, पिवळ्या जपून खेळा."

मग त्या पुन्हा झेंडू निवडायला बसल्या. झुंबरला त्यांनी चहाही विचारला नाही, आणि त्याला ते बरंच वाटलं.