मिशी, भुवई आणि विहीर

आता माझ्या अकलेचं किती कौतुक सांगू तुम्हाला! चहाची बशी आधी खाली ठेवा, सांडेल.

बोलपट नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या अण्णांना सिनेमाचा भारी तिटकारा. त्यामुळे मी पाहिली होती ती फक्त थेटराबाहेरची रंगवलेली पाटी. नव्या हिंदी बोलपटाची! पाटीभर एकच चेहरा. गुलाबी गाल, कोरलेली बारीक मिशी, गळ्यात रेशमी रुमाल आणि एक भुवई वर. एवढा मोठा काढलाय म्हणजे हाच नायक, नाही का? कोपऱ्यात एक टोपीवाला बापडा होता, त्याच्याकडे कोण बघतो!

मला पंचवटीत मुलगी पाहायला जायचं होतं. आधी तीन घरांतून नकार आलेले, आणि ही मुलगी तर देवळात पाहिल्यापासून मनात भरलेली. मग काय! न्हाव्याकडून तश्शी मिशी कोरून घेतली. आठ दिवस आरशासमोर भुवईचा सराव केला. निघताना रुमाल बघून अण्णा करवादले, पण टांगा दारात उभा होता.

आम्ही आत शिरलो आणि मुलीची मावशी "अगंबाई!" म्हणून मागेच सरकली. वाटलं, पडली छाप!

मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "घरी विहीर आहे?"

"आहे की! परसातच," अण्णा खुलले.

"खोल?"

"चांगली तीन पुरुष!" मी भुवई चढवली.

"आणि कठडा?" मावशीचा आवाज कापत होता.

"ढासळलाय. बांधू सावकाश, घाई काय आहे?" अण्णा म्हणाले.

मावशीनं काळ्या रामाला हात जोडले. वडील उठून उभेच राहिले!

तेवढ्यात पोहे घेऊन मुलगी आली. माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. "बाबा, बसा हो! यांनी बोलपट पाहिलेला दिसत नाही. त्यातला हा मिशीवाला बायकोला विहिरीत ढकलतो!"

मी तिथल्या तिथे रुमाल सोडला. पाटीची सगळी हकिकत सांगून टाकली. अण्णांचं तोंड तर बघवत नव्हतं.

तरी होकार आला हो! अट एकच, आधी कठडा. विटा मी स्वतः वाहिल्या.

लग्नानंतर तिला विचारलं, "तुला माझी भीती नाही वाटली?"

"भीती कसली? त्याची एकच भुवई वर जायची. तुमच्या दोन्ही जात होत्या, वर तोंडही उघडं!"