ऑइलचा काटा माझ्यासमोर

काही वस्तू मोडीत जातात, पण त्यांचे किस्से घरातच राहतात. माझ्या दागिन्यांबद्दल आमच्याकडे कुणी चार वाक्यं बोलणार नाही. गाडीतल्या ऑइलच्या मीटरचा विषय निघाला की मात्र चहा दोनदा होतो.

आमचे हे ग्वाल्हेरला वकील. संस्थानचे दिवस, आमच्या लष्कर नावाच्या वस्तीत मोटारी मोजक्याच. आमची जुनी घेतलेली. एकदा झाशीच्या रस्त्यावर ऑइल संपलं, कुणाला कळलंच नाही आणि इंजिन जळालं. दुरुस्तीनंतर ह्यांनी मुंबईहून मीटर मागवलं. इंजिनातलं ऑइल तांब्याच्या बारीक नळीतून मीटरपर्यंत येणार, काटा प्रेशर दाखवणार. काटा पडला की गाडी थांबवायची.

बसवायला हजीरा मोहल्ल्यातले रहीम मिस्त्री आले. स्टिअरिंगसमोर जागाच नव्हती.

"साब, इधर नहीं बैठेगा. बाईसाब के सामने लगा दूँ?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लगा दो. तसंही गाडी चालली की हिला काही काम नसतं."

झालं, काटा बघायची नोकरी मला लागली. हे दर वळणावर विचारायचे, "किती?" मी सांगायची, "चाळीस." खासगी बाजार नावाच्या पेठेतून असे आम्ही दोनचारदा गेलो. मग शेजारच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या, "तुमचा मुलगा भर बाजारात किती-किती करत होता, पण सून काही चाळीसच्या खाली यायला तयार नाही."

संध्याकाळी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "काय विकत होतीस गं?"

पुढे मला ताप आला, तेव्हा सासूबाई पुढे बसून मुरारला गेल्या. घरी परतल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तो काटा मघाशी पार खाली गेला होता हं. मग आला परत वर."

"आई, सांगितलं का नाहीस?"

"तू टांगेवाल्याशी भांडत होतास. म्हटलं, मध्ये कशाला बोला."

दसऱ्याच्या दरबाराला ह्यांनी एका जज्जसाहेबांना गाडीतून नेलं. पांढराशुभ्र अंगरखा, नवा चुडीदार. वाटेत मीटरमागचा नट ढिला झाला आणि गरम ऑइल थेट साहेबांच्या गुडघ्यावर. साहेबांनी रुमाल ठेवला. सुट्टीनंतर ह्यांची केस नेमकी त्यांच्यापुढे. बोलता बोलता ह्यांचा आवाज चढला, तसे साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, आज प्रेशर जरा कमी ठेवा. कपडे धुतलेले आहेत."

आणि थोरलीच्या वेळची गोष्ट. भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. ह्यांनी घाईघाईनं मला गाडीत बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. रस्त्यात टांगे, गाई, दोन हातगाड्या. ह्यांची नजर समोरून हलत नव्हती. मी दाराची कड घट्ट धरून डोळे मिटलेले.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं.

"वाढतंय," मी कशीबशी म्हणाले.

"छान," हे म्हणाले. "वाढू दे. कमी व्हायला लागलं तर मात्र लगेच सांग."