माणूस बघून खोली

आमच्या घरमालकांनी, आप्पांनी, भाडेकरूंच्या सवयींचा जेवढा अभ्यास केला, तेवढा त्या भाडेकरूंच्या बायकांनीही केला नसेल. कारेगावाशेजारी कंपन्या आल्या, तेव्हा ज्याच्या त्याच्या शेतात दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. सगळ्या एका छापाच्या. आप्पांची रांग मात्र बाहेरून सरळ आणि आत दर दाराआड निराळा कारभार. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. "शंभर मेंढरं हुती, पर हरेकाची बसायची जागा ठरल्याली. मंग मान्सं एका मापात कशी बसत्याल?" असं ते विचारत आणि नव्या भाडेकरूकडे नाव-गावाच्या आधी तो कोणत्या कुशीवर झोपतो याची चौकशी करत.

नवा माणूस आठ दिवस कोऱ्या खोलीत राहायचा आणि आप्पा समोर बाज टाकून त्याच्यावर नजर ठेवायचे. मग गवंडी यायचा. एक वेल्डर कायम रात्रपाळीला, दिवसा झोपणारा. आप्पांनी त्याची खिडकीच विटा लावून बुजवली. बिहारच्या एका सहा फुटी फिटरसाठी त्यांनी मोरीतला नळ भिंतीवर पार वर नेला. फिटर गेला आणि तिथे एक बुटका सुपरवायझर आला. तो नळ सोडायला बादली पालथी घालून तिच्यावर चढायचा, आणि मग भरायला बादलीच उरायची नाही. रोज भांडणाऱ्या एका जोडप्याच्या खोलीत तर आप्पांनी मधोमध छातीइतकी भिंत घातली. "भांडताना तोंड दिसलं पायजे, पर लाटनं पोचाय नको," हे त्यामागचं शास्त्र. जोडप्याला ते इतकं मानवलं, की पुढे ती दोघं भिंतीवर कोपरं टेकून गप्पा मारू लागली.

माझ्याबाबतीत आप्पांना एकच गोष्ट सापडली. मी घरी असलो की सारखा दाराकडे बघत बसायचो. कारण लग्नाला वर्ष होत आलं, तरी बायको भांडगावला माहेरीच होती. एकदा येऊन खोली बघून गेली आणि "ह्या खुराड्यात मी न्हाई राहायची" म्हणाली, ती गेलीच. दर सुट्टीला मी एसट्या बदलत तिला आणायला जायचो आणि एकटाच परतायचो. लग्न मोडतंय की काय, या धास्तीने मला जेवण जात नव्हतं.

हे कळताच आप्पा खिशात मोजायची टेप घालून माझ्याबरोबर भांडगावला निघाले. सासऱ्यांना वाटलं, समेटासाठी मोठं माणूस आलंय. त्यांनी चहा पाजला. आप्पा चहा पिऊन उठले ते थेट स्वयंपाकघरात. "पोरगी बसती कुठं?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी बावरून चुलीमागचा काळोखा कोपरा दाखवला. आप्पांनी तो कोपरा, पाट आणि भिंतीतला कोनाडा मन लावून मापला. बायको तेव्हा रानात गेली होती. ती येईपर्यंत थांबायची त्यांना गरजच वाटली नाही. सासरे माझ्या कानाशी लागले, "जावयबापू, ह्यांचं डोकं ठिकानावर हाय न्हवं?"

पंधरा दिवसांत माझ्या खोलीत तो कोपरा उभा राहिला. आप्पांनी रंगाऱ्याकडून भिंतीवर धुराचा डागसुद्धा काढून घेतला होता. खोली बदलली, असा निरोप गेला, बायको आली. आप्पा कौतुकाने म्हणाले, "बघ पोरी, हुबेहूब तुझी जागा."

तिने भिंतीवरच्या डागावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "आप्पा, तितं मी बसत न्हवते. मला बसवत हुते. त्यो कोपरा सोडून ह्या कोपऱ्यात यायचं, तर मंग माहेर काय वाईट?"

आप्पांनी खिशातली टेप काढून खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "मंग तुला कुठं बसायचंय?"

तिने क्षणभरही न घुटमळता रस्त्याकडच्या भिंतीवर हात ठेवला. "हितं. येनारंजानारं दिसलं पायजे. बोलाया मानूस पायजे."

दुसऱ्या दिवशी भिंत फुटली. तिथे रुंद खिडकी आणि आत ऐसपैस कट्टा झाला. बायको राहिली. मला जेवण जायला लागलं.

आप्पा मात्र एकदा मला म्हणाले, "इतकी वरसं मान्सं बगितली, पर इचारलं कुनालाच न्हाई. काल आमच्या हिला इचारलं, तुला घरात कुठं बसावं वाटतंय."

"काय म्हणाल्या?"

"इचार करून सांगते म्हनली."

दोन दिवसांत ते गाढवांवरून वाळू आणि ट्रॉलीभर विटा घेऊन आले, सगळं स्वतःच्या घरापुढे रचून ठेवलं. घरातल्या बाईंचं उत्तर आलं की काम सुरू करायचं, अशी तयारी.

आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. खोली सोडताना नमस्काराला गेलो, तर विटा तशाच होत्या, त्यांच्यावर शेवाळ धरलेलं. आत बाई उभ्या उभ्याच चहा गाळत होत्या. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी माझी नजर ओळखली. हळू आवाजात म्हणाले, "अजून करतीया इचार."