तिसरा हात

मामाबरोबर कामाला असलेल्या बसवराजचा फोन आला तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एका कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत होते. "ताई, मामा प्रेसमधी गावले... गेले." पत्रकाचा विषय होता, कामगारांची सुरक्षा. सव्वा महिना झाला, उरलेली पत्रकं पिशवीत तशीच आहेत.

मामा कुंभारीहून सायकलवर कामावर यायचा. टॉवेलचे गठ्ठे दाबायच्या हायड्रॉलिक प्रेसवर त्याचं आयुष्य गेलं. शाळेत असताना मी विचारलं होतं, एवढं लोखंड एका दांड्यावर कसं हलतं? म्हणाला, "जोर पंपाचा गं. व्हॉल्व्ह म्हंजे दारं धरणारा गडी. पाणी कुटल्या वाफ्याला सोडायचं, तेवढंच बघतो." दांडा खाली ओढला की व्हॉल्व्हमधली सळई सरकते, तेल सिलिंडरच्या वरच्या अंगाला जातं, गठ्ठा दाबणारा लोखंडी पाट उतरतो. वर ढकलला की तेल खालच्या अंगाला, पाट वर. आणि हात सोडला की आतली स्प्रिंग सळईला मधोमध आणते, तेल टाकीत परत, पाट जागच्या जागी उभा. "स्प्रिंग मालकापेक्षा बरी," मामा म्हणायचा. "हात काढला की काम थांबवती."

पूर्वी प्रेसवर दोघं असत. एक दांड्यावर, एक टॉवेलांचे कोपरे आत सारायला. मालकाने एक माणूस कमी केला, गठ्ठे कमी केले नाहीत. मग मामाने टॉवेलच्या काठाची पट्टी फाडली आणि दांडा खाली बांधून टाकला. एका ओढीत सुटणारी गाठ, पाट थांबवायला ओढायचं मोकळं टोक दातात, दोन्ही हात रिकामे. ती गाठ सगळ्या पाळ्या त्याच्याकडूनच शिकल्या. मालक रोज बघायचा. मीही बघितली.

"मामा, हे काय?"

"मला दोनच हात हायती, पुढारीणबाई. तिसरा तू देतीस व्हय?"

मी हसले आणि पत्रकं उचलून निघाले... त्या दिवशी तो कोपरे सारायला वाकला होता आणि तेलाने भिजलेली गाठ सुटली नाही. स्प्रिंग धडधाकट होती. तिला कुणी मोकळं सोडलंच नाही.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, पट्टी कोणी बांधली? मी सांगितलं, मामाने. दुसरा माणूस कोणी काढला, तेही सांगितलं. पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं. कागदावर आता 'कामगाराची चूक' आहे. मामी माझ्याशी बोलत नाही. बरोबर करते.

परवा मामाचा राहिलेला डबा आणायला आत गेले. प्रेसवर बसवराज एकटा, दांड्यावर नवी पट्टी.

"सोड ती."

"मग तुमी धरा की."

धरला. मनगट भरून आलं तरी धरला. "थांबा ताई," तो म्हणाला, मी हात सोडला, पाट थांबला... एवढंच तर हवं होतं. तेवढ्यात सुपरवायझरने मला बाहेर काढलं. डबा घेऊन दारातून मागे पाहिलं, तर बसवराज गाठ मारत होता. अगदी मामासारखी, मोकळं टोक दातात धरून.